पोलीस ॲक्शन

आमच्या मराठवाड्यात कालगणना दोन प्रकारची. एक पंचांगातली आणि दुसरी घरातल्या म्हाताऱ्या माणसांची. "तुझा थोरला काका ॲक्शनच्या साली झाला", "रझाकारीत आपली दुभती म्हैस गेली", "ॲक्शननंतर दोन वर्षांनी मळ्यातली विहीर खोदली". तारीख, महिना, सन काही लागायचं नाही. ऐकणाऱ्याला बरोब्बर कळायचं. मला मात्र शाळेत जाईपर्यंत ॲक्शन म्हणजे अमिताभच्या सिनेमात असते ती, एवढंच माहीत होतं. नऊवारीतल्या आजीच्या तोंडी हा शब्द इतका सहज कसा, याचं कौतुक वाटायचं.

हा शब्द पुन्हा डोक्यात घोळायला लागला तो २०२२ च्या फेब्रुवारीत. २४ तारखेला रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं आणि पुतिनसाहेबांनी त्याला नाव दिलं 'विशेष लष्करी कारवाई'. युद्ध म्हणायचं नाही. नंतरच्या काळात युद्धाला युद्ध म्हणणाऱ्या लोकांना रशियात दंड झाले, काहींना तुरुंगात जावं लागलं. आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), त्याच्या बरोब्बर एक आठवडा आधी, १७ फेब्रुवारीला, नेदरलँड्सचे तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुटे यांनी इंडोनेशियाच्या जनतेची माफी मागितली होती. कशाबद्दल? १९४५ ते १९४९ या काळात तिथे डच सैन्याने जे केलं त्याबद्दल. त्यातल्या दोन मोठ्या लष्करी मोहिमांना, १९४७ च्या जुलैमधल्या आणि १९४८ च्या डिसेंबरमधल्या, डच लोक पुढे कित्येक वर्षं काय म्हणायचे माहीत आहे? 'पोलिसी कारवाया'. म्हणजे पोलीस ॲक्शन!

मी चाटच पडलो. आपला अस्सल मराठवाडी शब्द एकदम हेगमध्ये!

मग थोडं वाचत गेलो. १९५० मध्ये कोरियात लढाई पेटली तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांना पत्रकारांनी विचारलं, याला पोलीस ॲक्शन म्हणता येईल का? ते हो म्हणाले. तीन वर्षं चाललेल्या आणि लाखो माणसं मेलेल्या युद्धाला हे नाव! सरकारांना हा शब्द का आवडतो हे उघड आहे. युद्ध दोन देशांत होतं. पोलीस आपल्याच हद्दीत जातात. युद्ध म्हटलं की दुसऱ्या बाजूला कोणीतरी आहे हे मान्य करावं लागतं. पोलीस म्हटलं की समोर फक्त गुन्हेगार उरतात.

आता आपल्याकडे वळू. हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते. आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. आपले पाच म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद (यातल्या औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावं २०२३ मध्ये बदलली, मी जुन्या काळाबद्दल लिहितोय म्हणून जुनीच वापरतो). प्रजा मोठ्या संख्येने हिंदू, निजाम मीर उस्मान अली खान मुसलमान, कारभार उर्दूत. १५ ऑगस्ट १९४७ ला सगळा देश झेंडे लावत होता तेव्हा आमच्या आजोबांच्या गावात झेंडा लावणं गुन्हा होता. नोव्हेंबरात भारत सरकार आणि निजाम यांच्यात वर्षभरासाठी 'जैसे थे' करार झाला. त्या वर्षात कासीम रझवी या लातूरच्या वकिलाच्या रझाकारांनी जो धुमाकूळ घातला तो आमच्या भागातल्या प्रत्येक घराला तोंडपाठ आहे. गावावर खंडणी बसवायची. न दिली तर लुटायचं, जाळायचं. बायकांची अब्रू घ्यायची. हजारो कुटुंबं रातोरात घर सोडून बार्शी, सोलापूर, नगर, विदर्भ जिथे जमेल तिथे गेली. आमचं कुटुंब बैलगाडीने बार्शीला गेलं. आजी पोटुशी होती, दागिने लुगड्याच्या पदरात शिवलेले होते, आणि गाडीच्या चाकाचा आवाज होऊ नये म्हणून आख्ख्या रस्त्यात आसाला तेल घालत होते. ही गोष्ट आम्ही सगळ्या भावंडांनी इतक्यांदा ऐकली आहे की कोणीही मधूनच सुरू करावी आणि शेवटपर्यंत म्हणावी.

स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने सरहद्दीवर कॅम्प उघडले, शेकडो तरुण तिथे गेले, काही मारले गेले. आजोबाही काही महिने अशा एका कॅम्पात होते. आणि हे पण सांगायला हवं की निजामाविरुद्ध बोलणारे सगळे हिंदू नव्हते. 'इमरोज' या उर्दू वर्तमानपत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन व्हावं असं लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. मारेकऱ्यांनी त्यांचा हात तोडला. लिहिता हात.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य आत शिरलं. सोलापूरकडून आलेली मुख्य तुकडी पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेऊन पुढे गेली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी, रणगाडे, विमानं, 'ऑपरेशन पोलो' असं लष्करी नाव. यात पोलीस कुठे आहेत ते शोधून दाखवा! पण हैदराबादने ऑगस्टमध्येच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रार नेली होती. युद्ध म्हटलं असतं तर हैदराबाद परका देश ठरला असता. म्हणून पोलीस ॲक्शन. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पाच दिवसांत खेळ खलास. आमच्याकडे आजवर ही गोष्ट इथे संपते. टाळ्या, झेंडावंदन, पेढे.

मला त्या पेढ्यांबद्दल काहीही तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. डच सैन्य इंडोनेशियात गेलं ते गेलेलं साम्राज्य परत मिळवायला. भारतीय सैन्य हैदराबादेत गेलं ते बहुसंख्य प्रजेला हवं होतं म्हणून. हा फरक लहान नाही. उलट आपण तेव्हा इंडोनेशियाच्या बाजूने होतो. डचांनी १९४७ मध्ये हल्ला केला तेव्हा बिजू पटनाईक स्वतः विमान घेऊन गेले आणि इंडोनेशियाचे नेते शहरीर यांना बाहेर काढून दिल्लीत आणलं. १९४८ च्या डिसेंबरात दुसरी 'पोलिसी कारवाई' झाली तेव्हा नेहरूंनी जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत आशियाई देशांची खास परिषद बोलावून डचांना सुनावलं. ते योग्यच होतं.

पण त्याच सुमारास नेहरूंच्या हातात आणखी एक कागद आला होता.

आमच्या सप्टेंबरनंतर आतल्या जिल्ह्यांतून ज्या बातम्या दिल्लीला पोचत होत्या त्या ऐकून सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना हैदराबादेत पाठवलं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ हे लोक फिरले. त्यांचा अहवाल सांगतो की सैन्य आल्यानंतरच्या दिवसांत संस्थानात किमान २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली. बहुतेक सगळी मुसलमान. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे कोणते? उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. त्या खालोखाल औरंगाबाद, बीड, नलगोंडा, मेदक. आपल्या पाचपैकी चार जिल्ह्यांची नावं या यादीत आहेत, मंडळी. लातूरबद्दल (तेव्हा ते उस्मानाबाद जिल्ह्यात होतं) अहवाल म्हणतो की तिथे वीस दिवसांहून जास्त कत्तल चालू होती. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी समितीला जेमतेम तीन हजार सापडले. हजारावर मारले गेले, बाकीचे पळाले. विहिरींबद्दलही त्यात लिहिलं आहे. ते मी इथे लिहीत नाही.

काही ठिकाणी लष्कराच्या आणि पोलिसांच्या माणसांनी लुटीला चिथावणी दिली, काही ठिकाणी स्वतः भाग घेतला, आणि कित्येक ठिकाणी त्यांनीच लोकांना वाचवलं, असं तिन्ही प्रकारचं अहवालात आहे. रझाकारांच्या अत्याचारांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. आकड्यांवर वाद आहेत आणि असणारच, कारण तिघा माणसांनी तीन आठवड्यांत केलेला तो अंदाज आहे. सरदार पटेलांना तो एकांगी वाटला. पण निम्मा आकडा धरला तरी काय फरक पडतो? अहवाल छापला गेला नाही. जवळपास पासष्ट वर्षांनी, २०१३ मध्ये, दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो अभ्यासकांना बघायला मिळू लागल्याची बातमी आली तेव्हा कुठे त्याची जरा चर्चा झाली.

डचांचंही असंच झालं, हे वाचताना सारखं जाणवत होतं. १९६९ च्या जानेवारीत योप ह्यूटिंग नावाच्या माजी सैनिकाने टीव्हीवर सांगितलं की आम्ही तिथे युद्धगुन्हे केले. त्याला इतक्या धमक्या आल्या की कुटुंबासह लपून राहावं लागलं. सरकारने घाईघाईने एक टिपण तयार केलं. त्यात म्हटलं की तुरळक प्रकार घडले असतील, पण एकूण सैन्य नीट वागलं. ते टिपण पन्नासेक वर्षं पुरलं! जावातल्या रावागेडे गावात ९ डिसेंबर १९४७ ला डच सैनिकांनी पुरुषांना रांगेत उभं करून गोळ्या घातल्या होत्या; त्यांच्या विधवांनी कोर्टात जाऊन २०११ मध्ये हेगमध्ये खटला जिंकला. मग २०१७ मध्ये तीन संस्थांनी मोठं संशोधन सुरू केलं आणि २०२२ मध्ये निष्कर्ष आला की टोकाची हिंसा अपवाद नव्हती, ती नित्याची होती, आणि वरच्या लोकांनी तिकडे डोळेझाक केली. त्यावर ती माफी. एवढं होऊन नेदरलँड्स बुडालं नाही. म्हातारे सैनिक चिडले, वर्तमानपत्रांत भांडणं झाली, आणि देश होता तिथेच आहे.

आता घरचं. इथून पुढचं काही नातेवाइकांना आवडणार नाही याची मला कल्पना आहे.

आजीच्या बोलण्यात 'रझाकारी' आणि 'ॲक्शन' असे दोन वेगळे शब्द होते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. रझाकारीत जे झालं ते ती रंगवून सांगायची, हातवारे करून. ॲक्शनात जे झालं ते फक्त तारखेसारखं यायचं. "ॲक्शनात पिंजाऱ्याचं घर गेलं." बस. पुढे काही नाही. गेलं म्हणजे जळालं, की माणसं गेली, की कुठे गेली? विचारलं तर "तुला काय करायचंय?" म्हणून कामाला लागायची. हा पिंजारी गावच्या सगळ्यांच्या गाद्या-उशांचा कापूस पिंजायचा. आजीच्या लग्नातली गादी त्याने भरलेली होती, हे मात्र ती सांगायची.

आणि ते घंगाळ. वाड्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांना ते आठवत असेल. तांब्याचं, दोन माणसांनी उचलायचं, काठाखाली ठोकून नाव घातलेलं. नाव उर्दूत. आम्ही पोरं त्यातल्या पाण्याने अंघोळी करायचो, पण देवाच्या पाण्याला आजी ते कधी वापरू द्यायची नाही. कारण विचारलं तर एकच उत्तर: "ते ॲक्शनातलं आहे." ते आपल्याकडे कसं आलं याच्या घरात दोन गोष्टी आहेत. एक, पिंजाऱ्याने जाताना पणजोबांकडे ठेवायला दिलं. दोन, पणजोबांनी ते बाजारात कोणाकडून तरी दोन-चार रुपयांना घेतलं, कारण त्या दिवसांत भांड्यांचे ढीग मातीमोलाने विकले जात होते. तिसरी शक्यता कोणी बोलून दाखवत नाही. पहिली खरी असेलही. खरंच असेल. सुंदरलाल अहवालातसुद्धा शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवल्याचे दाखले आहेत. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं असं त्यात आहे. पण मग ते परत न्यायला कोणी का आलं नाही?

मला सगळ्यात जास्त छळते ती गोष्ट वेगळीच आहे. आम्हा कोणालाच उर्दू येत नाही, म्हणून आमच्या लेखी ती नुसती नक्षी. पण आजोबांचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. म्हातारपणापर्यंत ते उर्दू सफाईने वाचत. म्हणजे जन्मभर रोज सकाळी त्या घंगाळातून पाणी घेणारा हा एकच माणूस ते नाव वाचू शकत होता. त्यांनी ते आम्हाला कधी वाचून दाखवलं नाही. आम्हीही विचारलं नाही. सरहद्दीच्या कॅम्पाच्या गोष्टी मात्र ते तासन् तास सांगत, आणि त्यांचा मला आजही अभिमान आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. मला त्यातली एक काढून टाकता येत नाही.

"कशाला उकरून काढायचं?" हा प्रश्न येणारच. "त्यांनी केलं म्हणून झालं", हेही येणार. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. ज्यांनी केलं त्यांचं काय झालं बघा. निजाम १९५० मध्ये हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले आणि १९५६ मध्ये राज्य विभागलं जाईपर्यंत त्या पदावर राहिले. कासीम रझवीवर रीतसर खटला चालला, तो तुरुंगात राहिला, १९५७ मध्ये सुटून पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीत वारला. पंतप्रधान मीर लायक अली नजरकैदेतून निसटून पाकिस्तानला पोचले. हिशेब चुकता केला तो पिंजाऱ्याने.

आणि उकरून काढण्याबद्दल म्हणाल, तर उकरणं कधी थांबलंच नाहीये. पुतिन यांनी जुलै २०२१ मध्ये रशियन आणि युक्रेनियन लोक मुळात एकच कसे यावर इतिहासाचा लांबलचक लेख लिहिला होता. सात महिन्यांनी रणगाडे गेले. रशियातलीच 'मेमोरियल' ही संस्था तीसेक वर्षं स्टॅलिनच्या काळात मेलेल्यांची नावं गोळा करत होती. युद्धाच्या दोन महिने आधी, डिसेंबर २०२१ मध्ये, कोर्टाने ती बंद करायचा हुकूम दिला. स्वतःने मारलेल्यांची यादी गुंडाळायची आणि दुसऱ्याने केलेल्या अन्यायाची उघडायची, हे काम तिथे बरोबरच चाललं होतं.

आपल्याकडे १७ सप्टेंबरचं काय झालंय बघा. महाराष्ट्रात तो 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन'. कर्नाटकात 'कल्याण कर्नाटक उत्सव'. तेलंगणात २०२२ मध्ये राज्य सरकारने 'राष्ट्रीय एकात्मता दिन' केला, त्याच दिवशी केंद्राने सिकंदराबादला 'हैदराबाद मुक्ती दिन' केला, आणि २०२४ मध्ये नव्या राज्य सरकारने तिसरंच नाव काढलं. एका दिवसाला इतकी नावं, आणि दरवर्षी त्यावरून भांडणं. रझाकारांची आठवण निवडणुकीत नेमाने निघते. १८ सप्टेंबरपासून पुढे काय झालं त्याला मात्र एकही नाव नाही. आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवरही १७ तारखेला झेंडे आणि फुलं येतात. मीही पाठवतो, आणि पाठवत राहणार. बार्शीची बैलगाडी खोटी नव्हती.

मला फक्त इतकंच वाटतं की बैलगाडीची गोष्ट सांगताना पिंजाऱ्याची गोष्टही सांगावी, एका दमात. नाहीतर आपली पुढची पोरं 'ॲक्शन' हा शब्द विसरतील (विसरलीच आहेत) आणि 'रझाकार' हा शब्द तेवढा शिवी म्हणून लक्षात ठेवतील. ती शिवी मग आज जिवंत असलेल्या, तेव्हा जन्मालाही न आलेल्या कोणाला तरी घातली जाईल. घातली जातेच आहे.

असो. फार लांबलं. नातेवाईक मंडळींना दोन विनंत्या. आत्याआजी ॲक्शनच्या वेळी नऊ वर्षांची होती. आता पंच्याऐंशी ओलांडलेली आहे, पण स्मरण खणखणीत आहे. जो कोणी दिवाळीत तिच्याकडे जाईल त्याने मोबाईल चालू ठेवून तिला रझाकारीबद्दल विचारावं, आणि ते झालं की ॲक्शनबद्दलही विचारावं. "तुला काय करायचंय?" म्हणाली तर थोडं थांबून पुन्हा विचारावं.

आणि दादा, ते घंगाळ तुझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये झाड लावून ठेवलेलं आहे. रागावू नकोस. काठाखालच्या अक्षरांचा एक स्वच्छ फोटो काढून मला पाठव. माझ्या ऑफिसात एकाला उर्दू येतं. ते नाव कोणाचं आहे एवढं आधी वाचू. पुढे काय करायचं ते मग सगळ्यांनी बसून ठरवू.